पसंती

चित्रपटाचा समीक्षक आणि चित्रपट पाहणारा माणूस या दोन निराळ्या जाती आहेत. समीक्षक चित्रगृहात शिरतो तो मनात काही मापे घेऊन. पाहणाऱ्याला फक्त रविवारची दुपार घालवावयाची असते. पहिल्याचे मत छापले जाते. दुसऱ्याचे मत चित्रगृहाच्या पायऱ्या उतरता उतरता सांगून होते आणि घर येईपर्यंत विरून जाते. भिलाईच्या रिसाली भागात राहणारे एक बहात्तर वर्षांचे मराठी गृहस्थ मात्र या दोहोंच्या मधले आहेत. चित्रपटाच्या शास्त्राचा त्यांना गंध नाही, दिग्दर्शकांची नावे त्यांच्या लक्षात राहत नाहीत, आणि महिन्याकाठी एखाददुसरा चित्रपट पाहण्यापलीकडे त्यांचा या कलेशी संबंध नाही. परंतु पाहिलेल्या प्रत्येक चित्रपटाचा निकाल लावल्यावाचून त्यांना झोप येत नाही. निकाल तीनच प्रकारचे असतात : ‘पास’, ‘रिजेक्ट’ आणि ‘दुसऱ्या प्रतीचा’. चौथा प्रकार त्यांनी अगदी अलीकडेपर्यंत मानलेला नव्हता.

ही भाषा त्यांच्या नोकरीतून आलेली आहे. १९७६ साली वर्धा जिल्ह्यातून ते भिलाईच्या पोलाद कारखान्यात आले आणि २०१३ मध्ये निवृत्त होईपर्यंत रेल मिलमधले तयार रूळ तपासणे हेच त्यांचे काम राहिले. लाटून निघालेला रूळ थंड झाला, सरळ झाला, की तपासणीसाठी समोर येतो. तपासनीस त्याच्या कडेने चालत जातो, माथा पाहतो, पाया पाहतो, रूळ उलटवून पुन्हा पाहतो. ओरखडा, घडी, भेग, वाक, जे दिसेल तेथे खडूने खूण करावयाची. खरा धोका मात्र डोळ्यांना दिसत नसतो. पोलाद थंड होत असताना त्यात अडकलेला हायड्रोजन बाहेर पडू शकला नाही, तर तो पोटात केसासारखे बारीक तडे उत्पन्न करतो. वरून रूळ गुळगुळीत असतो, आणि पुढे कित्येक वर्षांनी एखाद्या धावत्या गाडीखाली आतून तुटतो. असे तडे शोधण्यास ध्वनिलहरींचे यंत्र लागते. गृहस्थांना आपल्या डोळ्यांचा अभिमान आहे. त्या यंत्राविषयी त्यांच्या मनात थोडी असूया होती असे त्यांचे सहकारी सांगत. चित्रपटाच्या बाबतीतही ते असेच कडेने चालत जातात. नायकाच्या हातात फावडे आहे, तर ते त्याने पूर्वी कधी धरले होते काय? स्वयंपाक करणाऱ्या बाईचे लक्ष चुलीकडे आहे की कॅमेऱ्याकडे? एवढे पाहिले की त्यांचा निम्मा निकाल ठरतो.

भिलाईत कोणाचेही मत एकट्याचे राहत नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि दुर्ग जिल्ह्यातल्या भातखाचरांवर पाहता पाहता एक नगर उभे राहिले. तेथे आंध्रातून माणसे आली, ओडिशातून आली, बिहार, बंगाल, पंजाब आणि केरळातून आली. मराठी माणसाला तर हा मुलूख परका नव्हताच. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत दुर्ग आणि वर्धा हे दोन्ही जिल्हे नागपूर राजधानी असलेल्या एकाच मध्य प्रांतात होते. अशा गावात सकाळी दुधाच्या पिशवीबरोबर चार भाषा ऐकू येतात, आणि संध्याकाळी बागेतल्या बाकावर चारही भाषांतले निवृत्त लोक एकाच हिंदीत भांडतात. ती हिंदीही प्रत्येकाची वेगळी. गृहस्थांचे निकाल या बाकावर जाहीर होतात आणि तेथेच त्यांवर अपिले होतात.

फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘छावा’ आला तेव्हा या बाकाने सामुदायिक रीतीने जुनवानीच्या मॉलमध्ये जाऊन तो पाहिला. तरुणपणी चंद्रा-मौर्याच्या रांगेत घाम गाळून तिकीट मिळविलेल्या या मंडळींना मॉलमधला गारवा आजही किंचित लाजवतो. स्वेटर घेऊन चित्रपटाला जाणे त्यांना शोभत नाही असे वाटते, आणि तरी ते घेतात. चित्रपट संपला तेव्हा गृहस्थांच्या वाट्याला एक अनपेक्षित भूमिका आली. ओडिया शेजाऱ्याने त्यांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. तेलुगू शेजाऱ्याने हळू आवाजात विचारले, “सच में ऐसा हुआ था?” जणू हे दुःख त्यांच्याच घरातले, आणि तेराव्याला भेटावयास आलेल्या माणसाने विचारपूस करावी तसे. १६८९ च्या मार्च महिन्यात तुळापूरला जे घडले त्याविषयी भिलाईतल्या एका बागेत, पंधरा दिवस, रोज संध्याकाळी हे गृहस्थ प्रश्नांना उत्तरे देत होते. घरी येऊन त्यांनी शिवाजी सावंतांची १९७९ साली प्रसिद्ध झालेली ‘छावा’ ही कादंबरी माळ्यावरून काढली आणि पुन्हा चाळली, कारण उत्तरे संपत आली होती.

निकाल लागला तो ‘दुसऱ्या प्रतीचा’. बाकावर याचे आश्चर्य झाले. गृहस्थांचे म्हणणे असे की, या राजाने ‘बुधभूषण’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला होता. ज्याच्या हातात लेखणीही होती त्याला चित्रपटाने अडीच तास केवळ गर्जना करावयास लावले. यातना फार दाखविल्या, आणि त्या सोसणारा माणूस कोण होता हे थोडे दाखविले. उलट अक्षय खन्नाचा औरंगजेब त्यांनी विनाशर्त पास केला. म्हातारा बादशहा विणकाम हातात घेऊन बसतो आणि हुकूम देतो. ज्याचे हात कामात आहेत त्याच्या तोंडचा शब्द खरा वाटतो, असा त्यांचा सिद्धांत आहे. येसूबाईच्या भूमिकेतील रश्मिका मंदानाच्या उच्चारांवर अनेकांनी नापसंती व्यक्त केली होती. गृहस्थांना त्यात काही खटकले नाही. पन्नास वर्षे भिलाईत काढलेल्या माणसाला हिंदीत कोणाची तरी मातृभाषा मिसळलेली नसेल तर उलट चुकल्यासारखे होते. लेझीमचा प्रसंग आक्षेपांमुळे प्रदर्शनापूर्वीच वगळण्यात आला, हे त्यांना मागाहून कळले. त्यावर ते इतकेच म्हणाले की, कापलेल्या तुकड्याची तपासणी करता येत नाही.

हे गाव पडद्यावर क्वचितच येते. गावची माणसे मात्र आलेली आहेत. अनुराग बासू जन्माने भिलाईचे. त्यांचा ‘बर्फी’ २०१२ मध्ये प्रदर्शित झाला तेव्हा बाकावरच्या बंगाली गृहस्थांनी पेढे वाटले होते. चित्रपट दार्जिलिंगमध्ये आणि कोलकात्यात घडतो. मुलगा मोठा झाला, गावाबाहेर गेला, आता पत्रात गावाचे नाव नसते, असे कोणीतरी म्हणाले आणि तो विषय तेथेच थांबला. बाकावर बसलेल्या बहुतेकांची मुले पुण्यात, हैदराबादेत किंवा त्याहून दूर आहेत. ‘पीपली लाइव्ह’मध्ये (२०१०) नत्था झालेले ओंकारदास माणिकपुरी हेही भिलाईचे, हबीब तन्वीर यांच्या नया थिएटरमधून पुढे आलेले. त्यांचे उकिडवे बसणे गृहस्थांनी त्या वेळी पास केले होते. शेवटी शेतकरी नत्था शहरातल्या एका बांधकामावर, धुळीने माखलेला, मजूर म्हणून दिसतो. तसा चेहरा कारखान्याच्या फाटकाबाहेर सकाळच्या पाळीला रोज शेकड्यांनी दिसतो, आणि रोज दिसतो म्हणूनच तो कोणी पाहत नाही.

‘न्यूटन’ हा मात्र त्यांच्या मनातला सल आहे. अमित मसुरकर यांचा हा चित्रपट त्यांनी २०१७ मध्ये पाहिला होता. गेल्या हिवाळ्यात मुलाने पुण्याहून येऊन टीव्हीवर लावून दिल्यामुळे तो पुन्हा पाहिला. दंडकारण्यातल्या एका केंद्रावर शहात्तर मतदारांचे मतदान घ्यावयास निघालेला सरळमार्गी कारकून, त्याला अडवू पाहणारा थकलेला निमलष्करी अधिकारी, आणि त्या दोघांच्या मध्ये आपले मत म्हणजे नेमके काय हे न समजलेली माणसे. हे सारे त्यांना मान्य होते. अडचण निराळीच होती. पहिल्या दहा मिनिटांत ते खुर्चीत पुढे सरकून बसले आणि म्हणाले, “अरे, ही तर राजहराची माती.” चित्रीकरण मुख्यत्वे दल्ली-राजहरा येथे झाले आहे, आणि दल्ली-राजहरा म्हणजे भिलाईच्या भट्ट्यांना प्रारंभापासून लोहखनिज पुरविणारी खाण. ती तांबडी धूळ गाडीने दुर्गकडे येते, भट्टीत वितळते, आणि अखेर रूळ होऊन बाहेर पडते. ज्या मातीचे रूळ त्यांनी सदतीस वर्षे खाली वाकून तपासले, ती माती पडद्यावर बिननावाचे अरण्य म्हणून उभी होती.

हे त्यांना लागले. दल्ली-राजहरा हे काही नकाशाबाहेरचे जंगल नव्हे. तेथल्या खाणमजुरांनी आपल्या कष्टाच्या पैशांतून १९८३ मध्ये शहीद रुग्णालय उभे केले, जे पुढे साऱ्या टापूचा आधार झाले. त्या मजुरांचे नेते शंकर गुहा नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईतच हत्या झाली, आणि ती सकाळ हे गृहस्थ अजून विसरलेले नाहीत. पहिल्या पाळीला जाताना रस्ता कधी नव्हे इतका गप्प होता. या माणसांच्या गावाला दुसऱ्याच गावाचे सोंग देऊन पडद्यावर बसविले, हा त्यांचा आक्षेप. चित्रपटाला अशी मुभा असते, हे त्यांना मुलाने समजावून सांगितले. कोणते जंगल कोठले, हे प्रेक्षकाला कळण्याची गरज नाही. गृहस्थ म्हणाले, “प्रेक्षकाला नसेल. जंगलाला असेल.”

आणि तरीही निकाल ‘पास’ असाच लागला. कारण ऐकण्यासारखे आहे. चित्रपटाच्या शेवटी, त्या मतदान केंद्रावर काम केलेली स्थानिक शिक्षिका मलको न्यूटनला भेटावयास त्याच्या कार्यालयात येते. ही भूमिका अंजली पाटील यांनी केली आहे. मानेला पट्टा बांधलेला न्यूटन तिला पाहून आनंदतो, पण उठत नाही. सुटीला पाच मिनिटे बाकी आहेत, तेवढी थांब, असे तो तिला सांगतो. एवढ्या एका प्रसंगावर गृहस्थांनी चित्रपटाला सगळे माफ केले. पाळी संपण्यापूर्वीची पाच मिनिटे ही काय चीज आहे, हे दिग्दर्शकाला ठाऊक आहे. त्या पाच मिनिटांत बहुतेक खराब रूळ पास होतात.

येथवरच्या कोणत्याही निकालात त्यांच्या पत्नीचा सहभाग नाही. बाई चित्रपट पाहतात. बरोबर जातात, बरोबर परततात, आणि ‘कसा वाटला’ असे विचारले तर ‘बरा होता’ म्हणून भाजी निवडावयास घेतात. आपल्या घरात चित्रपटाची आवड एकट्यालाच आहे, असे गृहस्थांनी फार पूर्वीच ठरवून टाकले होते. पायल कपाडिया यांचा ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’, ज्याला २०२४ मध्ये कान महोत्सवात ग्रां प्री हा सन्मान मिळाला, तो घरच्या टीव्हीवर लावला तेव्हा बाई शेवटपर्यंत जाग्या होत्या हेच त्यांना नवल वाटले. मुंबईतल्या रुग्णालयात काम करणाऱ्या मल्याळी परिचारिकांची ही कथा. भिलाईत सेक्टर नऊच्या रुग्णालयात ज्यांनी कधी ना कधी दिवस काढले आहेत, त्यांना अशा परिचारिका परक्या नाहीत. शेजारच्या मल्याळी कुटुंबाने तर तो सहकुटुंब पाहिला. जर्मनीत असलेल्या नवऱ्याकडून प्रभाच्या घरी भात शिजविण्याचे विजेचे भांडे येते, बरोबर चिठ्ठी नाही, आणि रात्री ती त्या भांड्याला कवेत घेऊन बसते. हा प्रसंग गृहस्थांनी पास केला. बाकी चित्रपट त्यांच्या मते फार काळोखा होता. बाईंनी मात्र त्या चित्रपटाविषयी एक प्रश्न विचारला. त्यात छाया कदम यांनी उभी केलेली पार्वती ही रत्नागिरीकडची विधवा. ती राहते ती खोली बांधकाम व्यावसायिक पाडावयास निघाला आहे, आणि खोली आपली हे सांगणारा एकही कागद तिच्यापाशी नाही. बाई म्हणाल्या, “तिच्या नवऱ्यानं तिला कधी सांगितलंच नसेल का, कागद कुठे आहेत ते?” गृहस्थांना हा प्रश्न चित्रपटाला धरून नाही असे वाटले. त्यांनी उत्तर दिले नाही. रिसालीच्या घराचे कागद कोठे आहेत हेही त्या वेळी सांगितले नाही.

मार्च २०२५ मध्ये एका बारशाच्या निमित्ताने दोघे नागपूरला गेले होते. तेथे पुतणीने ‘स्थळ’ची तिकिटे काढली. ७ मार्चला प्रदर्शित झालेला जयंत दिगंबर सोमलकर यांचा हा चित्रपट चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात, दिग्दर्शकाच्या स्वतःच्या गावात, गावच्याच माणसांना घेऊन चित्रित केलेला आहे. २०२३ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात त्याला नेटपॅक पुरस्कार मिळाला होता. कापूस पिकविणाऱ्या एका शेतकऱ्याची मुलगी, सविता. समाजशास्त्र घेऊन पदवीचे शिक्षण घेते, स्पर्धा परीक्षेला बसावे असे तिच्या मनात आहे. आणि तिला ‘पाहावयास’ पाहुणे येत राहतात. चित्रपटाची सुरुवात तिच्या एका स्वप्नाने होते : बायका ओळीने बसल्या आहेत, पोहे खात आहेत, आणि मध्ये मान खाली घालून बसला आहे तो मुलगा, प्रश्न त्याला विचारले जात आहेत. नागपूरच्या चित्रगृहात या प्रसंगी मोठा हशा झाला. मग जाग येते, आणि खरे पाहुणे येतात. नाव काय, जन्मतारीख काय, शिक्षण किती, उंची किती. पुन्हा दुसरे पाहुणे, पुन्हा तेच प्रश्न. दुसऱ्या खेपेस हशा कमी झाला. त्यापुढच्या खेपेस चित्रगृहात कोणी हसले नाही.

गृहस्थ आनंदात होते. भाषा त्यांच्या आजोळची होती. अंगणातल्या कापसाच्या ढिगावर माणसे जशी बसतात तशीच बसली होती; फराळाची बशी हातात घेण्याची प्रत्येकाची तऱ्हा बिनचूक होती. नटांना शिकवून हे साधत नाही, असे त्यांनी मध्यंतरातच पुतणीला सांगून टाकले. दोष एकच. पाहण्याचा प्रसंग वारंवार येतो. तेच घर, तीच बैठक, तेच प्रश्न. एकदा कळल्यावर पुनरुक्ती कशाला? कात्री हवी होती.

परतीच्या गाडीत त्यांनी हाच मुद्दा पुन्हा काढला. खिडकीबाहेर भंडारा मागे पडले होते. या दोघांच्या बोलण्याची एक रीत आहे : नागपुरातून निघताना तोंडात वऱ्हाडी असते, ती गोंदियापर्यंत टिकते, आणि डोंगरगडचा डोंगर दिसू लागला की आपोआप भिलाईची संमिश्र बोली सुरू होते. त्या दिवशी वऱ्हाडी राजनांदगावच्या पुढेही गेली.

“कात्री कायले?” बाई म्हणाल्या. “माह्यं तर सात वेळा झालं.”

गृहस्थांना प्रथम बोध झाला नाही. १९८० च्या उन्हाळ्यात हिंगणघाटजवळच्या एका गावी ते मामांबरोबर मुलगी पाहावयास गेले होते, मुलगी पसंत पडली होती, आणि लग्न झाले होते. त्या दुपारची त्यांच्या मनातली आठवण एवढीच होती, आणि तिच्याबरोबर जपलेला एक अभिमान : आपण मुलीला एकही प्रश्न विचारला नाही. मित्रांना, मुलांना, बाकावरच्या लोकांनाही त्यांनी हे अनेकदा सांगितले होते. त्या काळात, त्या समाजात, बाजारातल्या गुरासारखी मुलीची परीक्षा घेणे त्यांना अमानुष वाटत असे. म्हणून ते गप्प बसले होते.

“सात?”

“तुमी सातवे. सहा जण त्याच्या आधी येऊन गेले. दोघांनी रंगावरून नाही म्हटलं, एकाले हुंडा कमी पडला, बाकीच्याइनं काहीच कळवलं नाही. तुमच्या मामानं मले आडापर्यंत चालत जाऊन परत यायले लावलं. पायात काही खोट आहे का, ते पाहायले. मंग दाराच्या चौकटीले उभं केलं, अन् डोक्याच्या वर खडूनं रेघ मारली. ती रेघ लई दिवस होती. माह्या बापानं पुसू देल्ली नाही. म्हणे, लग्न ठरल्यावर पुसू.”

गृहस्थांना खडूची रेघ आठवेना. आड आठवेना. ते म्हणाले, “मले ते सारं पसंत नव्हतं. म्हणून तर मी काही विचारलं नाही.”

“मले का माहीत? तुमी भिंतीवरचं कॅलिंडर पाहत होते. माह्याकडं पाहिलं नाही, बोलले नाही. मले वाटलं, हेबी गेले.” थोड्या वेळाने त्या पुढे म्हणाल्या, “बारा दिवसांनी पत्र आलं. बारा दिवस माय माह्याशी नीट बोलली नाही. एक तं विचारायचं होतं तुमी. काही बी. जेवली का, असं बी चाललं असतं.”

समोरच्या बाकड्यावरचा एक तरुण कानांत यंत्रे घालून काही पाहत होता. त्याला यातले काही ऐकू आले नसावे. गृहस्थांनी पाण्याची बाटली उघडली, बंद केली. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात या विषयावर एक शब्द निघाला नव्हता, याचे कारण त्यांना सापडेना. बाईंनी लपवून ठेवले होते असेही म्हणता येत नव्हते. कोणी विचारले नव्हते, इतकेच. आणि चित्रपटात जी पुनरुक्ती वाटली तिच्यात प्रत्येक खेपेस मुलीच्या चेहऱ्यावर काय फरक पडत होता, हे आता त्यांना एकेक करून आठवू लागले. ती पहिल्या वेळी उंची सांगते तो आवाज, आणि नंतरचा आवाज. पाहताना त्यांचे लक्ष फराळाच्या बशीकडे होते.

दुर्गला उतरल्यावर त्यांनी पिशव्या दोन्ही हातांत घेतल्या. एक पिशवी बाई नेहमी घेतात, ती त्यांनी मागितली नाही असे नव्हे. यांनी दिली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाकावर मंडळी वाट पाहत होती. मराठी चित्रपट पाहून आलेला माणूस; निकाल तयार असणार. ओडिया शेजाऱ्याने विचारले, “क्या हुआ, पास कि रिजेक्ट?” गृहस्थ म्हणाले, “अभी जाँच चल रही है.” पुढच्या आठवड्यातही जाँच चालूच होती. तेलुगू शेजाऱ्याला हे विचित्र वाटले, आणि त्याने ते आपल्या घरी सांगितले असावे; कारण एका दुपारी त्याची पत्नी बाईंकडे आली आणि दोघी व्हरांड्यात चिंच सोलावयास बसल्या असता तिने त्या चित्रपटाची गोष्ट विचारली.

गृहस्थ आत वर्तमानपत्र वाचत होते. मधल्या वेळात त्यांनी घराचे कागद कपाटातल्या वरच्या कप्प्यातून काढून खालच्या कप्प्यात, बाईंचा हात पोचेल अशा ठिकाणी ठेवले होते आणि तसे सांगितलेही होते. बाई फक्त ‘बरं’ म्हणाल्या होत्या. आता बाहेरून बाईंचा आवाज येत होता. कधी चित्रपटाची गोष्ट न सांगणाऱ्या बाई हिंदीत, मध्येच वऱ्हाडीत, गोष्ट सांगत होत्या, आणि ती लांबतच चालली होती. एक गाव होते, कापसाचे. एक मुलगी होती, शिकलेली. तिला पाहावयास लोक येत. पहिले आले, त्यांनी असे विचारले. दुसरे आले, त्यांनी तसे विचारले. चौथ्यांच्या वेळी पाऊस होता. वर्तमानपत्राचे पान उलटावयाचे राहून गेले. चौथ्यांच्या वेळचा पाऊस चित्रपटात नव्हता, हे त्यांना पक्के आठवत होते. पाचव्यांबरोबर आलेल्या म्हातारीने मुलीचा हात हातात घेऊन तळवा दाबून पाहिला, घट्टे आहेत का ते. मग सातवे आले. त्यांच्यातला मुलगा काहीच बोलला नाही.

“कुछ भी नहीं पूछा?” शेजारीण म्हणाली.

“कुछ भी नहीं.”

“फिर? फिर क्या हुआ?”

चिंचोके ताटलीत पडल्याचा आवाज आला.

“फिर क्या,” बाई म्हणाल्या, “भिलाई आ गई.”